रोहूचे पेढे

कशेळ्यापासून खालापूरपर्यंत कुणालाही विचारा, गळाला रोहू लावावा तर आम्हीच! आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको छाया. गळ माझा, आमिषाचा गोळा तिचा. ती पिठाचे गोळे डब्यात भरून द्यायची, मी डबा घेऊन गावामागच्या तलावावर जायचो आणि संध्याकाळी रोहू हलवत गावातून मिरवत यायचो. नाव माझंच व्हायचं. छाया नुसती हसायची.

मागच्या दिवाळीच्या आधी ती गेली. गळ तेव्हापासून कौलाखाली खोचून ठेवलेला होता.

उन्हाळ्यात शेलूहून आमच्या लेकीचा, सुरभीचा फोन आला. तिला सातवा महिना.

"बाबा, मला डोहाळे लागलेत."

"बोल ना गं! कैरी? चिंचा?"

"रोहूचं कालवण. आपल्या तलावातल्या रोहूचं. बाजारातला नको."

लेकीचे डोहाळे आईनं पुरवायचे असतात. आई नाही म्हटल्यावर बापाची पाळी. मी छाती काढून म्हणालो, "एवढंच ना? डोहाळजेवणाला येशील तेव्हा तुझ्या ताटात रोहू!"

फोन ठेवला आणि मला घाम फुटला. गोळ्यात काय काय घालतात, मला कुठं ठाऊक होतं!

आधी दोरा आणायला निघालो. कशेळ्याच्या बाजारात कमलेशच्या दुकानात गळाचा तंगूस मिळतो, तो नायलॉनचा दोरा. कमलेशनं बारीक रीळ पुढं केलं.

"काका, ह्यो घ्या. पाण्यात दिसत नाय."

"हा? अरे, मला रोहू धरायचाय रं, डास नाय!"

"जाड दोरा मासा बघतो, काका."

"बघू दे! बघूनच घाबरंल!"

दुकानातला सगळ्यांत जाड तंगूस मी घेतला. टेंपो ओढला तरी तुटणार नाही असा! कमलेश पिशवी देताना हसला. आजकाल माझ्याकडं बघून लोक एक तर गप्प होतात नाही तर हसतात. गप्प होण्यापेक्षा हे बरं.

मग गोळा. छायाच्या हाताला जो वास यायचा तो आठवत मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. गूळ होता. बडीशेप होती. शेंगदाण्याची पेंड नक्की. तांदळाचा कोंडा. आणि खाली कुठंतरी सुकटीची पूड. सगळं मळलं, वळलं, तलावावर नेलं. गोळा पाण्यात पडला की विरघळून जायचा! गळ वर काढावा तर तो धुतल्यासारखा चकचकीत. मासे तर जेवून वर माझ्याकडं बघत होते, पंगतीत वाढप्याकडं बघतात तसे!

रोज गेलो, रोज रिकाम्या हातानं आलो. बघता बघता डोहाळजेवणाचा दिवस उजाडला. गुरुवार होता.

माझी थोरली बहीण अंबाक्का खालापूरहून आली आणि तिनं घर ताब्यात घेतलं.

"श्रीपत, पेढे नि बर्फी आणलीस?"

"फ्रिजमधी हाय."

"मग आता बायकांच्यात लुडबुडू नको. जा कुठं जायचं तिकडं!"

मला तेच हवं होतं. आदल्या दिवशीच मी नवे गोळे वळून ठेवले होते. पेढ्याएवढे, वरून जरा दाबलेले. वासासाठी या खेपेला वेलचीही घातली होती. बायका गाणी म्हणेपर्यंत तलावावर जायचं, एक तरी रोहू आणायचा आणि लेकीच्या ताटात वाढायचा, असा बेत होता. शब्द दिला होता ना!

आता गोळे कशात ठेवले होते, ते सांगतो. सुरभीनं गोड बातमीचे पेढे आणले होते, त्या खोक्यात, फ्रिजमध्येच. ते खोकं टाकवत नव्हतं. आणि डोहाळजेवणाचे पेढे मी आणले तेही त्याच दुकानातून, तसल्याच खोक्यात. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मला मात्र कळलं ते खिशात तंगूसाचं रीळ टाकून, फ्रिज उघडून, खोक्याचं झाकण काढल्यावर.

आत पेढे होते. खरे पेढे!

बाहेरून अंबाक्काचा आवाज आला, "विहीणबाई, पयला पेढा तुमाला! आता सुरभी वाटी उचलंल."

आमच्याकडं दोन वाट्या पालथ्या घालतात. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. आणि इथं एका वाटीखाली माशाचं आमिष!

"थांबा!" असं ओरडत मी धावलो. खिशातल्या रिळाचं टोक भांड्यांच्या मांडणीला कधी अडकलं, देव जाणे. मी ओटीवर पोचलो आणि मागं मांडणी आडवी! पातेली, ताटं, झाकण्या, सगळी वरात माझ्या मागून ओटीवर आली! तंगूस मात्र तुटला नाही.

बायका किंचाळल्या. अंबाक्का म्हणाली, "तुला जा म्हटलं होतं ना मी!"

विहीणबाई, म्हणजे सुरभीच्या सासूबाई, सावकाश चावत होत्या. माणूस फार सभ्य. म्हणाल्या, "पेढा जरा जुना झालाय का हो? पण बडीशेप छान लागतेय."

"विहीणबाई, तो पेढा नाय."

"मग?"

"माशांसाठी केलाय."

त्यांचं चावणं थांबलं. "काय काय घातलंय त्यात?"

"गूळ, बडीशेप, पेंड, कोंडा..."

"मग काही हरकत नाही."

"...आणि सुकटीची पूड."

"अहो, माझा गुरुवार!"

अंबाक्का पाणी आणायला धावली आणि पातेल्यात पाय अडकून विहीणबाईंच्या मांडीवर बसली. त्या गोंधळात सुरभीनं वाटी उचलली. हिरवी साडी, अंगावर फुलांचे दागिने, आणि हातात तो गोळा. सगळे तिच्याकडं बघत होते. तिनं गोळा नाकाशी नेला.

तिचे डोळे भरले. माझा जीव अर्धा झाला. वर्षाच्या आत दुसऱ्यांदा या घरात सगळ्यांसमोर पोरगी रडणार, आणि या खेपेला माझ्यामुळं!

"बाबा," ती म्हणाली, "आईच्या हाताचा वास." आणि रडता रडता हसायलाच लागली. "पण तुम्ही उकडला नाय! आई मोदकासारखा चाळणीवर उकडायची. म्हणून पाण्यात फुटायचा नाय."

"मला कधी बोलली नाय ती."

"आणि तुमचा जाड दोरा काढून बारीक लावायची. शिवणाच्या डब्यात असंल बघा. म्हणायची, यांच्या दोऱ्यावर कपडे वाळत घालावेत."

म्हणजे गळसुद्धा माझा नव्हता! गावातून मिरवायचं काम तेवढं माझं होतं.

विहीणबाईंनी चूळ भरली. "मग काय होणार, मुलगा की मुलगी?"

"मासा!" अंबाक्का म्हणाली, आणि त्या दोघी एकमेकींना धरून हसायला लागल्या.

पुढं जे झालं ते कुठल्या डोहाळजेवणात झालं नसेल. सुरभी फुलांचा मुकुट घालून चुलीपुढं बसली, चाळणी चढवली, आणि जरीच्या साड्यांतल्या बायका गोळे वळायला बसल्या! विहीणबाई म्हणाल्या, "गुरुवार तर गेलाच. द्या इकडं, मीही वळते."

दुसऱ्या दिवशी सकाळी छायाचा बारीक दोरा आणि उकडलेला गोळा घेऊन मी तलावावर गेलो. पहिल्याच फेकीला रोहू! चांगला हातभर. दोरा बोटाला कापत होता, पण तुटला नाही. मासा काठावर आला तेव्हा मी सवयीनं घराकडं तोंड करून "छाये, बघ!" म्हणालो. काठावर कुणी नव्हतं ते बरं.

अंबाक्कानं कालवण केलं. मी स्वतः ताट वाढलं. सुरभीनं पहिला वास घेतला आणि तोंडाला पदर लावून मोरीकडं पळाली!

"काय झालं गं?"

"बाबा, रागावू नका. माशाचा वास सोसत नाय. दहीभात द्या." मग हळूच म्हणाली, "आणि ते गोळे उरलेत का? त्यांचा वास तेवढा घेते."

माझ्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागतो. पण पडला. पोरीला रोहू कधी नकोच होता.

रोहू विहीणबाईंनी खाल्ला. शुक्रवार होता, दोनदा वाढून घेतला. राहिलेले गोळे त्याच खोक्यात भरून सुरभी शेलूला घेऊन गेली. खोकं तिच्या फ्रिजमध्ये पुढंच असतं म्हणे. त्यावर विहीणबाईंनी खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, "पेढे नव्हेत!"