बी.टी. नावाचा नवा गेम

आधीच सांगून टाकतो, मी माफी मागितलेली नाही. सायलीची नाही, सासऱ्यांची नाही आणि त्या त्रेसष्ट लोकांची तर मुळीच नाही. मी केलं काय, तर एक तारीख बदलली. लोक दाखल्यावरची जन्मतारीख बदलून दोन वर्षं जास्तीची नोकरी करतात, त्यांना निरोपाला शाल आणि नारळ मिळतो. मी एका कॅसेटची तारीख बदलली तर घरात चौकशी समिती बसली.

आमचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे, 'डावपेटी' नावाचं. आधी ते औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर होतं. जिना इतका अरुंद की एक गिऱ्हाईक उतरल्याशिवाय दुसऱ्याला चढता येत नसे (दोन गिऱ्हाइकं एकाच वेळी आल्याचं मला आठवत नाही, ते सोडा). मग सायली म्हणाली, दुकान ऑनलाइन करू. सायली म्हणजे माझी बायको, आणि ती 'करू' म्हणते तेव्हा ते झालेलं असतं. आता सिडकोतल्या घराच्या मागच्या खोलीत एक लॅपटॉप, पार्सलच्या टेपचे रोल आणि एक लोखंडी कपाट एवढंच आमचं दुकान. कपाट औरंगपुऱ्याच्या जागेतलं. सामान हलवताना तेही टेम्पोत चढलं आणि आमच्याबरोबर आलं. त्याच्या वरच्या तीन कप्प्यांत माझा जुना माल असतो. खालच्या कप्प्यात आणि उरलेल्या सगळ्या घरात सायलीचा नवा.

हीच आमच्यातली कामाची वाटणी. बाजारात येणारे नवे गेम सायली बघते. मुंबईच्या डिस्ट्रिब्यूटरशी ती असं बोलते की तो बिचारा आपणहून सूट देतो. मी क्लासिक विभाग बघतो. ज्या काळात गेमला कॅसेट म्हणत आणि खालून फुंकर मारल्याशिवाय ती चालत नसे, त्या काळातला माल माझ्याकडं आहे. माझ्या कॅसेटींना इंटरनेट लागत नाही, अपडेट लागत नाही, पासवर्ड लागत नाही. फक्त फुप्फुसं चांगली लागतात.

भांडण होतं ते पहिल्या ओळीवरून. आमची वेबसाइट उघडली की वर पाच चौकोन दिसतात, आणि त्याच्या खाली कोणी जात नाही. वेबसाइट आपोआप नवा माल वर लावते आणि जुना खाली ढकलते. त्यामुळं माझ्या कॅसेटी इतक्या खाली की तिथवर पोचेपर्यंत माणसाचा अंगठा दुखावा. मी सायलीला म्हणालो, समतोल पाहिजे, पाचातले दोन चौकोन जुन्याला दे. ती म्हणाली, नवा गेम आठ दिवसांत विकला नाही तर तोही जुना होतो, आणि जुनं आपल्याकडं आधीच पुष्कळ आहे. हे म्हणताना तिनं माझ्याकडं बघायची गरज नव्हती. मी म्हणालो, जुनं ते सोनं.

"सोनं असतं तर गहाण तरी ठेवता आलं असतं," सायली म्हणाली.

त्याच आठवड्यात माझे सासरे काकासाहेब वैजापूरहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं आले होते. एका डोळ्याचं झालं होतं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात होणार होतं. ज्या माणसाचा एक डोळा नवा आणि एक जुना, त्याच्याइतका निष्पक्ष पंच मिळणार कुठं? मी त्यांच्याकडं दाद मागितली. (सासरा हा शेवटी मुलीचाच बाप असतो, हे मला कळायला पाहिजे होतं. पण माझी बाजूच इतकी भक्कम होती.) काकासाहेबांचा जन्म कांद्याच्या आडतीत गेला. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि प्रकरण कांद्यावर घेतलं.

"लाल कांदा निघाला की पंधरा दिसात इकावा लागतो," ते म्हणाले. "उन्हाळी कांदा चाळीत सहा म्हयने टिकतो."

"बघ, जुनाच टिकतो," मी सायलीला म्हणालो.

"टिकतो व्हय. पर गिऱ्हाईक नाय आलं की त्येला बी मोड फुटत्यात, जावईबापू."

मग निवाडा झाला. रविवारपर्यंत माझी एक तरी कॅसेट विकली गेली तर पहिल्या ओळीतले दोन चौकोन क्लासिकला मिळणार. नाही विकली तर क्लासिक विभाग बंद, कपाट रिकामं आणि तिथं सायलीचा माल. कॅसेटींचं काय करायचं ते निवाड्यात नव्हतं. सायलीचे कान मात्र भंगारवाल्याच्या हाकेकडं लागल्यासारखे दिसत होते.

मी सगळ्यांत चांगली कॅसेट काढली. ती माझी स्वतःची. सहावीत सोयगावला असताना मिळवलेली (वडील तिथं तहसील कचेरीत होते). तिच्यावरचं चित्र कधीच निघून गेलं होतं, पण मागं इंग्रजीत बी.टी. अशी दोन अक्षरं कोरलेली होती. आत रणगाडे धावतात, म्हणजे बी.टी. हे बॅटल टँक, हे मी लहानपणीच ताडलं होतं. काकासाहेबांनी ती नव्या डोळ्यासमोर धरली आणि विचारलं, "बीटी लिवलंय. कपाशीचं बियाणं ठिवता काय ह्यात?" मी त्यांना बॅटल टँक समजावून सांगितलं. ते व्हय व्हय म्हणाले, पण कॅसेट कानाशी हलवून बियाणं वाजतंय का ते त्यांनी बघितलंच.

मी पुढून-मागून फोटो काढले, नाव टाकलं 'बी.टी.' आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं: एकच नग उपलब्ध. ऑर्डर आली नाही. येणार कशी, कॅसेट होती तळाला. रविवारला चार दिवस राहिले, तेव्हा दुपारचा चहा घेता घेता माझ्या डोक्यात आलं की वेबसाइट तारीख बघून माल लावते. मग हिची तारीख आजची केली तर? सायली पार्सलं द्यायला गेली होती. ऑगस्टची नऊ तारीख होती. मी टाकलं, नऊ, आठ. आणि विसरलो.

आता ही वेबसाइट ज्यांनी बनवली त्यांच्याकडं महिना आधी लिहितात आणि दिवस नंतर, हे मला कोणी सांगितलं होतं? त्यांच्या हिशेबानं नऊ-आठ म्हणजे आठ सप्टेंबर. वेबसाइटनं मान्य केलं की बी.टी. हा गेम अजून महिन्याभरानं जन्माला यायचा आहे. तिनं तो पहिल्या ओळीत, पहिल्या चौकोनात नेला, वर 'लवकरच येत आहे' अशी लाल पट्टी लावली, दिवस मोजणारं घड्याळ लावलं आणि खाली प्री-ऑर्डरचं बटण दिलं. प्री-ऑर्डरला साठा मोजत नाहीत, कारण माल अजून झालेलाच नसतो.

सकाळपर्यंत त्रेसष्ट ऑर्डरी आल्या. 'एकच नग' वाचून लोकांना ती लिमिटेड एडिशन वाटली. चित्र नसलेली कॅसेट बघून एकानं लिहिलं, काय डिझाइन आहे, सगळं झाकून ठेवलंय. दुसऱ्यानं ग्राफिक्सबद्दल विचारलं. मी खरं ते कळवलं की सगळं चौकोनी आहे, झाडंसुद्धा. तो इतका खूश झाला की त्यानं मित्रालाही एक नोंदवायला लावली.

मी तेवढ्या प्रश्नाला मोबाइलवर उत्तर देऊन झोपलो होतो; ऑर्डरींचा आकडा सायलीला माझ्या आधी दिसला. तिला वाटलं, एवढा मोठा गेम येतोय आणि आपल्याला पत्ता नाही. तिनं फोटोकडं न बघताच मुंबईला फोन लावला. डिस्ट्रिब्यूटरला बी.टी. काय ते माहीत असायचं कारण नव्हतं, पण माहीत नाही असं म्हणणारा माणूस त्या धंद्यात टिकत नाही. तो म्हणाला, "मॅडम, बी.टी. का माल बहुत टाइट है. आपके लिए दस पीस निकालता हूँ." सायलीनं दहाचे वीस करून घेतले, फोन ठेवला आणि मग फोटो उघडला.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं. तिनं एका कागदावर त्रेसष्ट नंबर उतरवले, कागद माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "आपलं नाव बुडायच्या आत फोन करा. प्रत्येकाला."

मी फोन केले. पण माफी मागितली नाही. प्रत्येकाला ताठ मानेनं सांगितलं की गेम सत्तावीस वर्षांचा आहे, कॅसेट एकच आहे आणि आजच्या सगळ्या गेमांपेक्षा सरस आहे, हवी का? बासष्ट जणांनी ऑर्डर रद्द केली. एकानं विचारलं, काका, तुम्ही बरे आहात ना? आणि त्रेसष्टावा नंबर होता सोयगावचा, सृष्टी नावाच्या मुलीचा. फोन तिच्या वडिलांनी घेतला. मी माझं भाषण पाठ म्हणून दाखवलं. 

"मला तीच पायजे," ते म्हणाले. "धाडू नगा, साहेब. रविवारी मी सोता येतो."

त्या दोन दिवसांत मी घरात जसा वावरलो तसा लग्नातही वावरलो नव्हतो. सायलीला मी पहिल्या ओळीतले माझे दोन चौकोन बोटानं दाखवले. कपाटाला नवीन कुलूप आणलं. काकासाहेबांनाही दिवसातून तीनदा आठवण करून दिली की सोयगाव म्हणजे कुठं, शंभरेक किलोमीटर, तिथून माणूस एका जुन्या कॅसेटीसाठी येतोय. ते म्हणाले, येऊ द्या की.

रविवारी दुपारी तो आला. उंच, रापलेला, झुपकेदार मिशांचा, पायांत जाड चपला, घराबाहेर त्याचा पिकअप उभा. मेंढ्यांची वाहतूक करतो म्हणाला. तो पाणी प्यायला, मग मी देवाचा प्रसाद द्यावा तशी दोन्ही हातांनी कॅसेट त्याला दिली. त्यानं चित्राची बाजू बघितलीच नाही. पालथी केली आणि कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"बी.टी.," तो म्हणाला. "बिभीषण त्रिंबक. सहावीत कर्कटकानं कोरलं व्हतं म्या. पोरीनं फोटू दावला तवाच वळखलं."

 मी त्याच्याकडं बघितलं, आणि त्या मिशांच्या मागं तिसऱ्या बाकावरचा बिभीषण मला दिसायला लागला.

"दिवाळीच्या सुट्टीपुरती म्हणून नेली व्हतीस, इश्वा," तो म्हणाला. "सुट्टी लई लांबली गड्या."

वडिलांची बदली झाली होती, त्याच सुट्टीत. टेम्पोत सामान चढलं, त्यात कॅसेटही चढली. पुढं मी ती 'मिळवली' असं म्हणायला लागलो, आणि इतक्या वेळा म्हणालो की मलाच खरं वाटलं. बिभीषण सांगत होता, त्याच्या बापानं कोकरू विकून ती जत्रेतून आणली होती, आणि हरवली म्हणून सांगितल्यावर त्याला चांगलाच मार बसला. तो हसत सांगत होता. मला मात्र फार लाज वाटली, आणि ती लपवायला जवळ काहीच नव्हतं.

मग त्यानं खिशात हात घातला आणि कॅसेटची पूर्ण किंमत टीपॉयवर ठेवली. "तू इतकी वर्सं सांभाळलीस, त्येचं हे," तो म्हणाला.

आता बघा. त्या नोटा उचलल्या असत्या तर विक्री झाली असती. कपाट वाचलं असतं, विभाग वाचला असता, दोन चौकोन पदरात पडले असते. सायली माझ्याकडं बघत होती. काकासाहेबांनी दोन्ही डोळे माझ्यावर लावले होते, नवाही आणि जुनाही. मी नोटा गोळा केल्या आणि बिभीषणच्या खिशात परत कोंबल्या. तो नको म्हणत राहिला, आमची थोडी झटापटही झाली.

काकासाहेबांनी निकाल दिला. "पैका घेतला नाय, म्हंजी इक्री झाली नाय. माल परत ग्येला."

मी हरलो. (तरी माफी मागितली नाही. बिभीषणची मागायला तोंड उघडलं होतं, पण तोवर तो म्हणाला, टीव्हीला लावून बघू का एकदा.) मी माझा जुना सेट काढला. त्यानं एक फुंकर मारली, मी एक मारली, आणि चाळिशी गाठत आलेली दोन माणसं संध्याकाळपर्यंत रणगाडे चालवत बसली. सायलीनं न मागता दोनदा चहा दिला. जाताना बिभीषणनं कॅसेट शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

तो गेल्यावर मी कपाट रिकामं करायला घेतलं. सायली येऊन शेजारी उभी राहिली. तिनं एक कॅसेट उचलून पालथी केली. मागं बुद्धभूषण, सातवी ब, असं लिहिलेलं होतं. दुसरीवर फकिरा. तिसरीवर नुसतंच, हात लावू नये. तिनं कॅसेटी पुन्हा कप्प्यात ठेवायला लावल्या आणि कपाटासमोरच सगळ्यांचे मागच्या बाजूनं फोटो काढले.

आणि आज तुम्ही आमची वेबसाइट उघडाल तर पहिल्या ओळीतले पाचच्या पाच चौकोन जुन्या मालाचे आहेत. नवे गेम खाली. आमच्या दुकानात सर्वांत जास्त लोक तीच ओळ बघतात आणि बघता बघता खालचा नवा मालही घेतात, हे सायलीही मान्य करते. मी दोन मागितले होते, पाच मिळाले. ओळीला सायलीनं मथळा दिला आहे, 'मूळ मालकांनी ओळख पटवून मोफत घेऊन जावे', पण ते बारीक अक्षरात आहे.

काल औरंगपुऱ्यातून पहिला फोन आला. बद्रीनाथशेठ, आमचे जुने घरमालक. मी विचारलं, कोणती कॅसेट तुमची? ते म्हणाले कॅसेट नको, फोटोत मागं दिसतंय ते लोखंडी कपाट त्यांचं आहे, दाराच्या आतल्या बाजूला नाव आहे. मी जाऊन बघितलं. आहे.

माफी मी अजूनही मागितलेली नाही. टेम्पो मात्र सांगून ठेवला आहे.