सोमणांचे भाऊसाहेब

१४ जानेवारी १९८४. संक्रांत, शनिवार, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि मी तिळगुळाचे लाडू वळत होते. लाडू मिश्रण गरम असतानाच वळावे लागतात, म्हणून फोन वाजला तेव्हा मुलीने तो उचलून माझ्या कानाला लावला.

"वहिनी," पलीकडून सोमण म्हणाले, "भाऊसाहेब गेले."

भाऊसाहेब म्हणजे चिपमंक. आपल्या खारीसारखे पाठीवर पट्टे, पण मुठीत मावेल एवढाच जीव. इथे नेपरव्हिलमध्ये तो परसात बिळं करतो आणि लोक त्याला हाकलतात. आमच्यापासून तीन घरं सोडून राहणारे सोमण मात्र त्याला अहोजाहो करायचे. "अहो भाऊसाहेब, दाणे घ्या. सावकाश, गाल फाटतील." एवढ्याशा जिवाला अहो कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "ओळख नुकतीच झालीय."

ऑगस्टमध्ये शेजारच्या मांजराने त्याचा मागचा पाय अधू केला होता. सोमणांनी हातात ओव्हनचे मोजे घालून त्याला उचललं आणि बायको सुशीला वारल्यापासून बंद असलेल्या शिवणाच्या खोलीत पिंजरा मांडला. सोमण बॉयलरचे इंजिनियर, गेल्याच वर्षी रिटायर झालेले. "मोजल्याशिवाय बोलू नये" हे त्यांचं पालुपद. त्यामुळे त्या खोलीत दोन थर्मामीटर आणि भिंतीवर ग्राफपेपर: आज किती दाणे खाल्ले, किती गालात कोंबले, किती भुशाखाली लपवले. दाणे बिनमिठाचे. एकादशीला वेगळं काही करावं लागत नाही, हा त्यांना या प्राण्याचा फार मोठा गुण वाटे. भाऊसाहेब माझ्या नवऱ्याच्या बोटाला चावले, तेव्हा सोमण नवऱ्यालाच म्हणाले, "बोट धुऊन यायचं. दाण्याचा वास येत असणार."

मी हात धुतले, बूट चढवले आणि गेले.

सोमण स्वेटरवर उपरणं घेऊन बसले होते. समोर बुटांच्या खोक्यात, खणाच्या तुकड्यावर, भाऊसाहेब शेपूट नाकाशी घेऊन गोल पडलेले. शेजारी खिडकीतल्या कुंडीतलं तुळशीचं पान आणि गंगेचा गडू. देश सोडताना आईने दिलेला तो गडू त्यांनी आजच फोडला होता.

"सुशीलाच्या वेळी हॉस्पिटलात न्यायचा राहिला," ते म्हणाले. "या वेळी हाताशी ठेवला." मग म्हणाले, "चूक माझी. भुसा फार उडवतात म्हणून आठवड्यापूर्वी पिंजरा मागच्या पोर्चमध्ये नेला. तिथे हीट नाही. कालचे दाणे तसेच पडलेत. सकाळी हात लावला तर थंडगार."

त्यांनी चमच्यात पाणी घेतलं.

"थांबा, नाकात जाईल," मी म्हटलं. मी नर्स आहे. मेलेलं शरीर कसं दिसतं ते मला माहीत आहे, आणि हे तसं दिसत नव्हतं. मी मनगटावरचं घड्याळ काढून खोक्यावर वाकले. बऱ्याच वेळाने बरगड्या एकदा हलल्या. मग पुन्हा बराच वेळ काही नाही. मग परत एकदा.

"भावजी, श्वास मोजलेत का?"

"नाही," सोमण म्हणाले. "धीर झाला नाही."

मी घरी फोन करून मुलीला सगळं सांगितलं. ती दहा वर्षांची आहे.

"मॉम, ही इज हायबरनेटिंग. सेकंड ग्रेडमध्ये शिकवतात. थंडीतच ठेव. जवळ दाणे ठेव, मधे उठला की खाईल. काका डिडन्ट नो?"

"काकांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं."

इतके हिवाळे याच गावात काढलेले आम्ही, एक इंजिनियर आणि एक नर्स. पण आपल्याकडची खार बारा महिने चिंचेवर धावत असते. हिवाळाभर झोपणारी खार आमच्या डोक्यातच आली नाही.

सोमणांनी भाऊसाहेबांना ओंजळीत घेऊन पोर्चमधल्या पिंजऱ्यात, भुशात ठेवलं. उपरण्याची घडी केली.

"कधी उठतील?"

"तसे मार्चमध्ये, मुलगी म्हणतेय."

"मार्च," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. टेबलावर पुण्याहून बोटीने आलेला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. "कालच आलाय. सकाळी चहाबरोबर यांना वाचून दाखवतो. दिवसभरात मराठी बोलणं होतं ते तेवढंच. आणि हे अग्रलेखालासुद्धा उठून जात नाहीत." त्यांनी गठ्ठ्याची सुतळी सोडली, वरचा अंक पाहिला आणि सुतळी परत बांधली. "राहू दे. मार्चमध्ये बघू."

मी त्यांना जेवायला या म्हटलं, तर म्हणाले, भात लावलाय. मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी त्यांना फोन लावला. "भावजी, मी पोळ्या करतेय, अर्धा तास लागेल. रिसीव्हर खांद्यात धरलाय. पहिल्या पानापासून वाचा."