तूच लिही, मी सही करतो

क्वांटिटेटिव्ह फायनान्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश हवा असेल, तर उमेदवाराच्या अंगी गणित, संगणकाचे ज्ञान आणि प्रामाणिकपणा असावा लागतो. पैकी पहिल्या दोहोंची परीक्षा घेतात. तिसऱ्यासाठी प्राध्यापकाचे शिफारसपत्र लागते, कारण स्वतःच्या प्रामाणिकपणाबद्दल स्वतःच बोलणारा माणूस भरवशाचा नसतो, असे विद्यापीठांचे मत आहे.

घरात जिला सगळे दशांश म्हणत, त्या मुलीला हा प्रवेश अगदी मनापासून हवा होता. लहानपणी बिस्किटाचे वाटे करताना ती चुऱ्यातलाही वाटा मागायची, तेव्हापासूनचे हे नाव. उद्या शेअर बाजारात काय होईल हे कोणालाच सांगता येत नाही, हे गणिताने सिद्ध करायचे आणि त्याबद्दल भरघोस पगार घ्यायचा, अशी ही विद्या. वडिलांना ती ऐकताक्षणी पटली. मामाला मात्र पटेना. त्याची विमा एजन्सी होती आणि भाचीसाठी त्याने तिथे चाकांची खुर्ची आणूनही ठेवली होती. यंदा प्रवेश मिळाला तर ठीक, नाहीतर मुकाट्याने त्या खुर्चीत, असे घरात ठरले होते. मामा वाईट नव्हता हो. रोज प्रेमाने ती खुर्ची पुसायचा. तिला त्याचीच जास्त धास्ती होती.

तेव्हा दशांश शिफारसपत्र मागायला सरांकडे गेली. सर संभाव्यता शिकवायचे. त्यांच्या टेबलावर न तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा ढीग होता आणि ढिगापलीकडे सर असण्याची दाट शक्यता होती.

"शिफारसपत्र ना? देतो की!" ढिगापलीकडून आवाज आला. "तूच लिहून आण, मी सही करतो."

"सर, पण माझं कौतुक मीच कसं लिहू?"

"अगं, तुला तुझ्याइतकं जवळून कोण ओळखतं? मी लिहिलं तर ते सगळं ऐकीव होईल."

युक्तिवाद बिनतोड होता. दशांशने घरी येऊन लिहिले, 'ही मुलगी गणितात बरी आहे. वर्गात वेळेवर येते.'

"वेळेवर?" आई खांद्यावरून डोकावून म्हणाली. "उठवतं कोण तेही लिही की मग!"

सरांनी ते पत्र न वाचता, नुसत्या लांबीवरूनच परत केले. "एवढंसं? याने माझी अब्रू जाईल. पान भरून आण."

पान भरायचे म्हणजे स्वतःची स्तुती करायची, आणि त्यात दशांशचे कान लाल व्हायचे. मग तिने गणित मांडले. कौतुकाचे वजन कौतुक करणाऱ्यावरून ठरते. तेव्हा सरांना मोठे केले की 'बरी आहे' एवढेही पुरेल. सरांबद्दल लिहिताना तिचे कान जागच्या जागी राहिले आणि पेन धावू लागले. सरांची विद्वत्ता, सरांची दूरदृष्टी, सरांचे मौन, सगळे आले. शेवटी एक ओळ उरली, तीत तिने स्वतःला कसेबसे बसवले. पान भरलेले पाहून सरांनी झोकात सही ठोकली.

विद्यापीठ हादरले. इतका थोर माणूस आजवर आपल्याला ठाऊक कसा नाही, अशी चर्चा झाली आणि प्रवेश समितीने सरांशी संगणकावरून समोरासमोर बोलायची इच्छा व्यक्त केली.

"मी बसतो. उत्तरं तू दे," सर म्हणाले.

ठरल्या वेळी सर पडद्यासमोर बसले. दशांश पडद्यामागे, उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत उत्तरे लिहून वर धरत होती.

"आपली शिकवण्याची पद्धत काय?" समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारले.

"मी विद्यार्थ्यांना सगळं स्वतःच करू देतो," सरांनी वाचले. यात खोटे काहीच नव्हते.

"आणि या मुलीचा सर्वांत मोठा दोष?"

दशांशचे पेन थबकले. मग तिने खरे तेच लिहिले.

"तिला कोणालाही नाही म्हणता येत नाही," सरांनी वाचले आणि कुतूहलाने पडद्यामागे पाहिले. "अस्सं? हो, हो. येत नाही."

अध्यक्षबाईंनी मान हलवून नोंद केली. जोखमीच्या धंद्यात कोणाला तरी वेळेवर नाही म्हणणे हेच मुख्य काम असते.

निकाल लागला. दशांश प्रतीक्षा यादीत गेली आणि सर सन्माननीय सदस्य म्हणून प्रवेश समितीत.

"चला, आपल्या पत्रानं कोणाला तरी आत पोचवलंच की!" वडील म्हणाले. मामाने खुर्चीच्या चाकांना तेल घातले. दशांश खोलीचे दार लावून भरपूर रडली.

ती डोळे पुसते तोच सरांचा फोन. "अगं, समितीनं दुसऱ्या फेरीच्या अर्जांचा डोंगर पाठवलाय. तूच वाच, शेरे लिही, मी सही करतो."

तिने वाचले. जगातल्या प्रत्येक प्राध्यापकाला आयुष्यातला सर्वोत्तम विद्यार्थी यंदाच भेटला होता, आणि प्रत्येकाचा एकुलता एक दोष 'अतिपरिश्रम' हा होता. तिला त्या बिचाऱ्यांच्या लाल कानांची दया आली. तिने प्रत्येकाला न्यायाने शेरा दिला. शेवटी प्रतीक्षा यादी आली आणि तिच्यात तिचाच अर्ज निघाला. 'घ्यावे' आणि 'घेऊ नये', दोन चौकोन.

"कर की खूण!" आई म्हणाली. "इतकी वर्षं उठवलं कशाला तुला?"

"आणि सही तर सरांचीच आहे ना?" वडिलांनी कायदा सांगितला.

दशांश अर्ज घेऊन तडक सरांकडे गेली. "सर, हा एक तुम्ही वाचा."

"मी?" सर दचकले. "कोणाचा आहे?"

"माझा."

"मग तर सोपंच! तूच लिही, मी..."

"नाही, सर."

तिच्या तोंडाला त्या शब्दाची चव इतकी आवडली की गरज नसताना ती पुन्हा म्हणाली, "नाही!"

सरांनी ढिगाखालून चष्मा शोधून काढला. पुसला. आपणच दिलेले शिफारसपत्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाचले. "मी इतका थोर आहे?" ते पुटपुटले. मग म्हणाले, "तुझ्याबद्दल मला खरंच काही माहीत नाही गं, पोरी. एक गोष्ट सोडून."

आणि त्यांनी स्वहस्ते शेरा लिहिला: 'समितीला मी सांगितलेला दोष आज दुपारी नाहीसा झाला. मी साक्षीदार आहे.'

दशांशला प्रवेश मिळाला. मामाची खुर्चीही वाया गेली नाही. निवृत्त झाल्यावर सर तिथे रुजू झाले. विम्याच्या कागदांवर गिऱ्हाईक न वाचता सही करते, त्यामुळे त्यांना तिथे अगदी घरच्यासारखे वाटते.

हसताय? हसा. या कथेबद्दलचा तुमचा अभिप्राय आम्ही आधीच लिहून ठेवला आहे, फारच गौरवाचा आहे. तुम्ही खाली फक्त सही करा. वाचायची तसदी घेऊ नका. आजवर कुठे वाचलंत?