थेंबभर डिझेल न जाळता

"तीन पृथ्व्या!" प्रफुल गुरुजींनी तक्ता पुन्हा तपासला. गडचिरोलीच्या पर्यावरण शिबिरातून आणलेला. काय खाता, कशावर फिरता, काय जाळता ते भरायचं. सगळं जग तुमच्यासारखं राहिलं तर किती पृथ्व्या लागतील, ते खाली निघायचं. सिंदेवाहीजवळच्या त्या लहान गावात पृथ्वीला सर्वांत जड माणूस गुरुजीच निघाले. मोटरसायकल तर होतीच, शिवाय यंदाच्या कीर्तनाचे यजमानही तेच; म्हणजे भोंग्यासाठी जनरेटर आलाच. त्यांनी जाहीर करून टाकलं, यंदाचं कीर्तन थेंबभर डिझेल न जाळता होईल.

भोंगेवाला मन्सूर हसला. "गुरुजी, चारपासून लोडशेडिंग हाय. बुवा का बोंबलून सांगतीन का?"

"लोक जवळ बसतील."

"अन् तुमची माय?"

गुरुजींच्या आईचे, भागीरथाबाईंचे, कान सात वर्षांपासून अधू होते, पण एक कीर्तन चुकलं नव्हतं. भोंग्याखाली बसून त्या मान डोलवायच्या. तेवढंच सुख उरलं होतं.

घरी जाऊन गुरुजींनी कानाशी ओरडून विचारलं, "माय, भोंग्याबिगर तुले आयकू येईन ना?"

"तू बुवाले आन तं खरं!"

कीर्तनाच्या दिवशी गुरुजी सायकल घेऊन फाट्यावर गेले. एसटीतून डोमाबुवा उतरले. आवाज पहाडी, देह त्याहून पहाडी. ते कॅरिअरवर बसले तेव्हाच सायकल कण्हली, आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मागच्या चाकाचे आरे एकेक करून तुटले.

"आता कसं हो गुरुजी?"

"पाळीनं चालत जाऊ. दोन कोस."

"मी दोन कोस चाललो तं उद्या पोचीन! लोकं बसून हायेत ना तिकडं."

पलीकडच्या काठावर मंदिर दिसत होतं, गर्दीही दिसत होती. तेवढ्यात सोमाजी ढिवर मासे घेऊन किनाऱ्याला लागला. "बसा बुवा डोंग्यात. वास येईन थोडासा."

बुवांनी क्षणभर डोळे मिटले. "देव सोता मासा झाला होता, सोमाजी. चाल."

डोंगा छान निघाला. मात्र काठ हाकेवर असताना बुवांच्या भारानं तो शिंगाड्याच्या वेलींत असा रुतला, की पुढे जाईना, मागे येईना. सोमाजीनं बांबू रेटला, गुरुजींनी हातानं पाणी कापलं. सारं गाव मंदिर सोडून काठावर आलं.

"गुरुजी!" मन्सूर ओरडला. "ट्रॅक्टर आनतो, दोरानं वढतो! दोन थेंबाचं काम हाय! हो म्हना!"

काठाच्या पायरीवर, पाण्यात पावलं बुडवून भागीरथाबाई उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहून गुरुजींचा धीर सुटला. 'हो' म्हणायला तोंड उघडलं, तोच मागून चिपळ्या वाजल्या.

"कायचा ट्रॅक्टर?" बुवा म्हणाले. "इथीच होऊ द्या. आज मत्स्यावताराचं आख्यान."

आणि तो आवाज सुटला! पाणी स्थिर होतं. त्यावरून शब्द असा सरळ आला, की काठावरच्या शेवटच्या माणसालाही बुवा शेजारी बसल्यासारखे वाटले. पलीकडच्या वस्तीवरची माणसं ऐकत ऐकत पाळीनं आली. गुरुजींनी डोंग्यातच खिशातला तक्ता काढला आणि डिझेलपुढे भलंमोठं शून्य घातलं.

बुवांनी सवाल टाकला, "मंग प्रलयाच्या पुरात ते नाव कोनं वढली?"

सर्वांआधी एकच आवाज आला. "माशानं!"

भागीरथाबाईंचा. गुरुजींच्या हातातून तक्ता पाण्यात पडला, तरी त्यांना कळलं नाही.

दिवस कलता कलता आरती झाली. ढिवरांनी वेल कापून डोंगा काठाला लावला. मन्सूर धावतच बाईंकडे गेला आणि कानाशी ओरडला.

"बाई, तुमाले आयकू आलं?"

"शब्द न् शब्द, बाबू. भोंग्यात निस्ता खरखराट राहे. सात वर्सांनी कीर्तन आयकलं."

मन्सूरचं तोंड उतरलं. "मंग इतके वर्सं मान काऊन डोलवत होत्या?"

"तू सामोर उभा राहून पाहे ना लेका, आवाज कसा लागला म्हून." त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला. "तुयं मन कसं मोडू?"