नियम सातप्रमाणे न ऐकलेली कॅसेट

कोणतीही नवी गोष्ट चांगली आहे की नाही, हे ती जुनी झाल्याशिवाय सांगता येत नाही. मधल्या काळात काय करायचे हा प्रश्न उरतो, आणि त्यासाठी समिती नेमावी लागते.

१३ फेब्रुवारी १९८६, गुरुवार. मी वर्ध्याच्या आमच्या वाचनालयात अशाच एका समितीचे इतिवृत्त लिहीत बसले होते. दुपारी बाबा आले. माझे वडील, चंद्रभानजी, आंजीला भाजीपाला पिकवत आणि आठवड्यातून दोनदा बसने वर्ध्याला माल आणत. माल संपला की वाचनालयाच्या दाराशी येऊन उभे राहत. चपला चिखलाच्या असल्यामुळे आत येत नसत.

"बाई," ते म्हणाले, "माह्या कॅसेटची दुसरी बाजू कशी वाटली व?"

आठ महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतः गायलेली, स्वतः काढलेली कॅसेट माझ्या टेबलावर ठेवली होती. ती मी ऐकली नव्हती.

"पहिलीपेक्षा सरस," मी म्हणाले.

"असं?"

"हो. पहिलीत थोडी घाई वाटते. दुसरीत तुम्ही रमलात."

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिले. मग सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी उंबऱ्यावर ठेवून, "बरं बापा, लिही तू," म्हणाले आणि बसस्टँडकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वांग्यांना पाणी सोडताना ते खाली बसले, ते उठले नाहीत.

यात समितीचा काही दोष नाही. ते स्पष्ट व्हावे म्हणून समितीच्या कामाची पद्धत सांगते.

समितीचे पूर्ण नाव ‘स्वयंप्रकाशित नवसंगीत ध्वनिफिती शोध व अभिप्राय समिती’. स्थापना १९८३. नाव लिहायला लागणारा वेळ धरून बैठक दीड तास चाले. अध्यक्ष भैयाजी, निवृत्त मुख्याध्यापक. सदस्य बंडूजी, यांची निवड त्यांच्या घरी टेपरेकॉर्डर आहे या एकमेव पण निर्विवाद गुणवत्तेवर झाली होती. चिटणीस मी. मी पुष्कळ वाचले होते, त्यामुळे ऐकण्याबाबतही माझे मत घ्यावे असे ठरले.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कॅसेटींचे पीक आले होते. पाच माणसे, एक पेटी, दोन खंजिऱ्या. नागपूरला एखादी खोली भाड्याने घेऊन दिवसभर गायचे, शंभर कॅसेटी काढायच्या, वर गायकाचा पासपोर्ट आकाराचा फोटो लावायचा आणि जत्रेत आपणच विकायच्या. मागे कंपनी नाही, जाहिरात नाही, रेडिओ नाही. अल्लीपूरहून येत, रोहण्याहून येत. असे संगीत कोणी शोधले नाही तर ते हरवून जाईल, या कळकळीने समिती ते शोधत असे आणि कपाटात ठेवत असे. (कपाटाला कुलूप होते. एकही हरवली नाही.)

अर्ज तीन प्रतींत घेतला जाई. पहिल्या बाजूची पहिली पाच मिनिटे ऐकली जात. (त्यांतली साडेतीन गायक, वादक, सरपंच आणि मंडप देणारे यांच्या आभारांत जात, उरलेल्या दीड मिनिटावर मत देणे हीच आमची तपश्चर्या.) मग चिटणीसाने उभे राहून अभिप्राय मोठ्याने वाचायचा. अभिप्राय चारच होते, म्हणजे भावनेच्या भरात पाचवे काही निघू नये. तीन वर्षांत त्रेचाळीस ध्वनिफिती आल्या. ‘प्रयत्न स्तुत्य’, एकतीस. ‘विचाराधीन’, नऊ. ‘पुण्याचे मत मागवावे’, दोन. (उत्तर यायचे आहे.) ‘नवा शोध’ हा चौथा शेरा एकदाही वापरावा लागला नाही, यावरून आमचा दर्जा ध्यानात येईल.

ही बेचाळीस झाली. उरलेल्या एकीला नियम सात लागू झाला.

नियम सात मीच लिहिलेला आहे आणि त्याच्या भाषेचा मला अभिमान होता. ‘कोणत्याही सदस्याच्या नातलगाची ध्वनिफीत समिती ऐकणार नाही.’ निमित्त भैयाजींचा भाचा. तो बासरी वाजवत असे आणि आणखीही वाजवण्याची त्याची तयारी होती. नियम झाला, भाचा परत गेला, आणि पुढच्याच महिन्यात बाबांनी सांभाराच्या जुडीखालून ती कॅसेट काढली. फोटोत ते दाखल्यासाठी बसल्यासारखे ताठ बसले होते. कडेला त्यांचे खंजिरीवाले दोस्त तानबाकाका, एक कान आणि निम्मी मिशी एवढे, आले होते.

"गाणे मीच जोडले," बाबा म्हणाले. "ऐकजो. आन् कुठं चुकलं ते सांगजो. तू पुस्तकं वाचते."

मी त्यांना नियम सात समजावून सांगितला. त्यांनी तो पुरता ऐकून घेतला. (माझ्या घरात शेवटपर्यंत ऐकण्याची सवय त्यांनाच होती.)

"म्हंजे माही आहे म्हणून ऐकत नाई?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, बाबा."

"मंग घरी ऐक ना. घरी कोनती समिती हाये?"

घरी ऐकण्याबद्दल नियमात काही लिहिलेले नव्हते. अशा वेळी नियमाचा शब्द नव्हे, आत्मा पाहावा, असे मी ठरवले आणि कॅसेट कपाटात ठेवली. पुढच्या बैठकीत माझ्या निःस्पृहतेबद्दल अभिनंदनाचा ठराव झाला. तो मीच सुवाच्य अक्षरात लिहून घेतला. खरे कारण इतिवृत्तात नाही. कॅसेट वाईट निघाली असती तर बाबांना तसे सांगावे लागले असते. चांगली निघाली असती तर काम त्याहून अवघड होते: वाचनालयाच्या दाराबाहेर उभ्या राहणाऱ्या माणसाला आत बोलवावे लागले असते.

चौथ्या महिन्यात मी त्यांना ‘ऐकली, सगळ्यांना आवडली’ असे सांगून टाकले. नियम सातपेक्षा हे वाक्य लहान होते.

मार्चच्या बैठकीत शोकप्रस्ताव झाला. चिटणीस या नात्याने तो मी लिहिला आणि मृताच्या कन्येकडे, म्हणजे माझ्याकडे, पाठवला. पोच घेतली. बाबांचा माल आता तानबाकाका आणत. ते दाराशी सावलीत टेकले होते.

बंडूजींनी टेपरेकॉर्डर पुसता पुसता विचारले, "आता ती ऐकायला काय हरकत आहे?"

भैयाजींनी चष्मा काढला. "नातं तर आहेच. माणूस गेल्यानं नातं जात नाही." थोडा विचार केला. "पण गेलेल्या माणसाचा वशिला चालत नाही. त्याअर्थी नियम सात लागू नाही."

इतका स्वच्छ निर्णय समितीने त्याआधी दिला नव्हता. त्यासाठी बाबांना फक्त मरावे लागले.

मी कपाट उघडले. बंडूजींनी बटण दाबले. आभार नव्हते. "हं, चाल तानबा," एवढेच, आणि थेट गाणे. पाच मिनिटे झाली. बंडूजींनी घड्याळ पाहिले, पण बटण दाबले नाही. गाणी पाच होती. एकात देवाला विचारले होते की विहिरीवरच्या मोटारीची लाइन केव्हा येणार, आणि देवाचे उत्तर वीजखात्याच्या उत्तरासारखेच होते. भैयाजी हसले, बैठकीत हसण्याची तरतूद नव्हती. चौथ्यात बाबा मध्येच अडले, "थांब थांब, इसरलो," म्हणाले, कोणीतरी खोकले, आणि पुन्हा सुरू झाले. पाचवे पहाटेच्या बसमध्ये ओल्या भाजीच्या गाठोड्यावर डुलक्या काढणाऱ्या माणसाचे होते. माझा उल्लेख कुठेच नव्हता. (मी तो शोधत होते, हे नोंदवते.)

मग कॅसेट उलटली. दुसऱ्या बाजूला सरसर असा आवाज सुरू झाला आणि तोच चालू राहिला. आम्ही तिघे माना खाली घालून ऐकत राहिलो.

तीन मिनिटांनी भैयाजी हलकेच म्हणाले, "संयत आहे."

"काय करून राह्यले जी तुमी?" दारातून तानबाकाका म्हणाले. "ते बाजू कोरी आहे ना!"

"कोरी काऊन?" बंडूजी म्हणाले.

"चंद्रभाननंच ठेवली. म्हणे, पोरीले ऐकू दे पयले. ते सांगन कुठं चुकलं, मंग दुसरी बाजू नीट भरू. आठ महिने आमी खंजिऱ्या तापवून बसलो." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "त्या गुरुवारी वर्ध्याहून आला आन् म्हणे, तानबा, गानं नको म्हणू आता. पोरीनं कोरी बाजूच पास केली! लय हासला बाप्पा. डोयात पानी येईपर्यंत हासला."

कार्यपद्धती मात्र थांबत नाही. भैयाजींनी अर्ज पुढे ओढला, ‘प्रयत्न स्तुत्य’ लिहिले, खाली सही केली आणि चिटणीसांनी अभिप्राय वाचावा म्हणून माझ्याकडे सरकवला.

या शेऱ्याला जे वाचक हसले असतील त्यांनी गेल्या वर्षभरात आपल्या माणसाने संकोचून हातात ठेवलेल्या किती नव्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकल्या, पाहिल्या वा वाचल्या, याची मनातल्या मनात बेरीज करावी. तीनपेक्षा कमी भरल्यास समितीत जागा आहे.

मी उभी राहिले. टेपरेकॉर्डर अजून सुरूच होता. कागद वाचायचा होता, तो वाचला नाही.

"बाबा," मी म्हणाले, "मी तुमची कॅसेट ऐकली नोयती. ऐकली म्हणून खोटं बोलली. मले भेव वाटे. आज ऐकली. पयल्या गाण्यात तानबाकाकाची खंजिरी लय जोरात हाये, तुमचा आवाज दबून जाते. दुसरं लांबलं. तिसऱ्याचं शेवटलं कडवं काढून टाका, जे समजलंच आहे ते परत सांगते. चवथ्यात तुमी इसरले, ते तसंच राहू द्या, कोनी काई म्हणलं तरी. आन् पाचव्याले हात लावू नका. पाचवं लय चांगलं झालं, बाबा."