गुळाचा पत्ता

सोनलच्या सरांनी प्रोग्रॅमिंगच्या वर्गात सांगितलं होतं, की पॉइंटर समजलाय का हे बघायचं असेल तर तो घरातल्या एखाद्या माणसाला समजावून सांगा. सर बारामतीचे. शेळगावात सोनलची आजी प्रयागबाई राहते, याची त्यांना कल्पना नव्हती.

"आजी, समज हा डबा," सोनल म्हणाली. "ह्यात साखर न्हाय. साखर कुठं हाय ती चिठ्ठी हाय. ह्या डब्याला म्हणायचं पॉइंटर."

"आन् साखर?"

"ती दुसरीकडं. डबा निस्ता पत्ता सांगतो."

चौथी पास प्रयागबाईंनी दारातून पडवीकडे पाहिलं. तिथे त्यांचे यजमान सर्जेराव बसले होते. सर्जेरावांना शुगर होती. डॉक्टरांनी गूळ बंद करून रोज तासभर चालायला सांगितलं होतं. सर्जेरावांनी चालणं बंद केलं आणि गूळ चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी गुळाच्या डब्यात चिठ्ठी निघाली, 'हरभऱ्याच्या डाळीत बघा.' डाळीत चिठ्ठी, 'गोठ्यात, खुंटीच्या पिशवीत.' पिशवीत चिठ्ठी, 'विहिरीवर, मोटरच्या पेटीत.' रोज पत्ते नवे. आठवडाभर सर्जेराव रान तुडवत होते आणि गूळ काही भेटत नव्हता. प्रयागबाईंना तर हे शास्त्र इतकं मानवलं, की त्यांनी घरातली प्रत्येक किमती वस्तू हलवून तिच्या जागी चिठ्ठी ठेवली. त्यात सोनलचं सी प्रोग्रॅमिंगचं जर्नलही गेलं. आजीला पॉइंटर कळला म्हणून सोनलला धन्य वाटलं.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दुपारी सर्जेरावांनी डोकं लढवलं. पायपीट कशाला करायची? सगळ्या चिठ्ठ्या गोळा कराव्यात आणि बसल्या जागी वाचाव्यात. त्यांनी त्या पलंगावर पसरल्या आणि चष्म्याचं घर उघडलं, तर त्यातही चिठ्ठी. तेवढ्यात प्रयागबाईंची चाहूल लागली. सर्जेरावांनी हाताला येईल ती चिठ्ठी दिसेल त्या डब्यात, फळीवर कोंबली आणि झोपेचं सोंग घेतलं.

सकाळी सोनलने फळीवर जर्नलच्या जागी असलेली चिठ्ठी वाचली. 'पडवीतल्या क्रेटमध्ये, तळाच्या कागदाखाली.' पडवी रिकामी होती. तिचे वडील मोहनराव पहाटेच तिथले सगळे क्रेट भेंडीने भरून बारामतीच्या मार्केट यार्डात गेले होते. बारा वाजता प्रॅक्टिकल होतं, आणि जर्नल नसेल तर बसू देत नाहीत. म्हणजे वर्ष वाया. विचारायला आजीही घरात नव्हती, रानात गेली होती. सोनलने एसटी पकडली.

यार्डात पोचताच तिने मोहनरावांची भेंडी क्रेटमागून क्रेट ओतायला सुरुवात केली.

"मोहनराव, माल दाखवायची ही कुठली तऱ्हा?" आडतदार म्हणाला.

"म्या कुठं दाखवतोय? पोरगी बघतीय."

भेंडीत काहीतरी मौल्यवान सापडतंय अशी वार्ता उठली. पलीकडच्या दोघांनी आपापले क्रेट ओतले. एकाने वांगीही ओतली. नवव्या क्रेटच्या तळाशी फडक्यात करकचून बांधलेलं, वजनदार गाठोडं निघालं. ते जर्नल नव्हतं एवढं हाताला कळत होतं. सोनलने घरी फोन लावला. आजी रानातून आली होती.

"आगं, ती गुळाची पुरचुंडी," प्रयागबाई म्हणाल्या.

"मग जर्नल कुठं ठेवलंस?"

"ते ध्यानात ऱ्हायलं आसतं तर चिठ्ठ्या कशाला लिवल्या आसत्या?"

शेजारी बसून ऐकणाऱ्या सर्जेरावांच्या डोक्यात उजेड पडला, चिठ्ठ्यांची अदलाबदल आपणच केली होती. त्यांनी गुळाचा डबा उघडला. आतली चिठ्ठी हातभर लांब धरून वाचली, 'ज्वारीच्या कणगीत.' कणगीत हात घातला तर जर्नल. त्यांनी फोन हातात घेतला.

"सोनल, जर्नल माज्याकडं हाय. गूळ तुज्याकडं हाय. बोल."

"आबा, कॉलेजवर या लवकर. गूळ देते."

"घ्या की," प्रयागबाई शांतपणे नवऱ्याला म्हणाल्या. "माजं काय जातंय."

सर्जेराव फाट्यापर्यंत पळाले. एसटी चुकली म्हणून पुढच्या थांब्यापर्यंत पळाले, आणि बारामतीच्या स्टँडवरून कॉलेजपर्यंतही. बाराला पाच कमी असताना गेटवर अदलाबदल झाली. जर्नलमधून ज्वारी गळत होती.

तासाभराने सोनल पडलेल्या चेहऱ्याने बाहेर आली. आबा गेटजवळ पायरीवर बसले होते.

"सगळं आलं आबा. बाहेरून आलेल्या सरांनी शेवटी इचारलं, की वस्तू केव्हाच गेली आन् पत्ता तेवढा ऱ्हायला, आसं कधी होतं का? व्यवहारातलं उदाहरण दे म्हणाले. मला सुचंना. धा मिनिटं दिलीत, न्हायतर तेवढे मार्क गेले."

सर्जेरावांच्या मांडीवर फडकं सुटलेलं होतं, आणि त्यात एक धोंडा होता. धोंड्याला गुंडाळलेली चिठ्ठी त्यांनी नातीपुढे धरली. अक्षर प्रयागबाईंचं होतं.

'गूळ पयल्याच दिशी म्हशीला चारला. चालल्यानं तुमची शुगर उतरती म्हणून पत्ते बदलत व्हते. आता उन्हाचं पळू नका. टोपी घाला.'

सोनलने चिठ्ठी दोनदा वाचली, आजोबांच्या हातातून ओढून घेतली आणि लॅबकडे धूम ठोकली.

"आगं, आणून दे परत," सर्जेराव मागून म्हणाले. "तेवढीच हाय माज्याकडं."