यशवंत मेस्त्रींचें ड्रिल रणास गेलें त्याची हकीकत

श्रीविश्वकर्मा सुप्रसन्न असो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरीं, एका राज्यांत यशवंत मेस्त्री म्हणोन थोर सुतार नांदत होते. अर्ध्या नगरीचीं दारें-कपाटें त्यांचे हातचीं. मग अकस्मात अर्धांगवायू जाहला आणि उजवा हात लुळा पडला, आणि त्यांचें बॅटरीवरलें ड्रिल मशीन पेटींत घालोन माळ्यावर ठेविलें गेलें. मेस्त्रींची एकुलती कन्या शाल्मलीबाई यंत्रविद्या शिकत होत्या. त्यांनीं एक लढाऊ रोबो बांधावयास घेतला, ताटाएवढा, ठेंगणा, समोरच्यास धडकोन उलथून टाकणारा. त्यास दोन चाकें आणि दोहों चाकांस एकाच जातीच्या दोन मोटरी पाहिजेत, नाहीं तर रोबो एके अंगास ओढतो. एक मोटर भंगारबाजारीं मोडक्या ड्रिलांतून काढिली, आणि जोडीची दुसरी कोठें मिळेना, आणि स्पर्धा तों समीप आली. मग माळ्यावरील मशीनाचें स्मरण जाहलें, तें त्याच जातीचें. मातोश्री कुसुमबाईंस पुसिलें, त्यांनीं सांगितलें कीं आधीं वडिलांस विचार. परंतु कन्येनें मनीं आणिलें कीं हात तों आतां येत नाहीं, उगाच पुसोन दुःख कां द्यावें. आणि वडील दवाखान्यास गेले असतां पेटी उतरविली, मशीन खोललें, मोटर गिअरसहित रोबोस बसविली आणि पेटी पुनः माळ्यावर ठेविली.

मग नगराचे सभागृहीं जाड काचेच्या पिंजऱ्यांत रण जाहलें, आणि ठिणग्या उडाल्या, आणि प्रतिपक्षाचा रोबो उताणा पडोन चाकें हवेंत फिरवीत राहिला, आणि शाल्मलीबाईंस यश आलें. ढाल घेऊन हर्षें घरीं आल्या, तों मेस्त्री उघडी पेटी पुढें घेऊन बसले होते आणि पेटींत मशीनाचें नुसतें टरफल. वर्तमान ऐसें कीं, मेस्त्री बहुत दिवस कोणास न कळवितां हाताची मेहनत करीत होते, आणि त्या सकाळीं मूठ वळली. मग पत्नीकडोन पेटी उतरवून घेतली, कीं लेक येईल तेव्हां तिच्या समोर एक भोंक पाडूं.

मेस्त्री रागें भरले नाहींत. इतकेंच बोलिले, "मशीनचं काही नाही गं. माझा हात येणार नाही, हे तू कधी ठरवलंस?"

शाल्मलीबाईंनीं तशाच उठोन मोटर परत बसवावी म्हणोन रोबो खोलला, तों धडकांनीं गिअरचे दांते झडले होते. मग नवें मशीन आणोन दिलें, आणि मेस्त्रींनीं बरवें आहे म्हणोन तें ठेवून घेतलें, आणि हळूहळू पाट-चौरंग करूं लागले. परंतु हात किती वळला, कोठें दुखला, हें कुसुमबाईंसच सांगतात. आणि लेक खोलींत आली असतां उजवा हात चादरीखालीं घेतात.

सारांश, शाल्मलीबाई रणीं जिंकल्या आणि पुनः कोणत्याही रणास गेल्या नाहींत. घडलें तें लिहिलें असे.